तापल्यावर येणारा दोष

नानकटाईचा पहिला ट्रे नेहमीसारखा खरपूस निघाला. दुसरा ट्रे आत जाऊन पाच मिनिटे होतात न होतात तोच ओव्हनने लागोपाठ तीन-चार वेळा सूचक आवाज काढला, पंख्याची घरघर थांबली आणि पडद्यावर तापमानाच्या जागी ‘एफ’ हे अक्षर व त्यापुढे एक अंक लुकलुकू लागला. आतील नानकटाया अर्धवट फुगलेल्या, कडांनी तूप सुटलेल्या, तशाच बसून राहिल्या. सूनबाईंनी बटण दाबून पाहिले, प्लग काढून पुन्हा लावून पाहिला. ओव्हन सुरू होई आणि क्षणातच पुन्हा तोच अंक दाखवी. तासाभराने मात्र तोच ओव्हन काही घडलेच नाही अशा थाटात चालू झाला.

सांगलीच्या मार्केट यार्डात तीन पिढ्या हळदीची अडत असलेल्या घरातील ही गोष्ट. घर मोठे, माणसे पुष्कळ. सहा वर्षांपूर्वी स्वयंपाकघर नव्याने बांधताना ओट्याशेजारच्या कपाटात हा विजेवर चालणारा, पंखा असलेला कन्व्हेक्शन ओव्हन बसवला गेला. सूनबाईंना बिनअंड्याचे केक, नानकटाई, जिरा बिस्किटे करण्याची आवड. आवडीतून ओळखीच्या घरांच्या ऑर्डरी येऊ लागल्या आणि पाहता पाहता त्यांचा स्वतंत्र हिशेब झाला. त्या वहीवर घरातील पुरुषांपैकी कोणाचेही नाव नव्हते, आणि ती वही सूनबाई जपून ठेवीत. या वेळी एका साखरपुड्यासाठी १२ किलो नानकटाई द्यायची होती. दिवस उरले होते नऊ.

घरात बिघाड झाला की पहिला प्रश्न ‘काय झाले’ हा नसतो, ‘कोणी केले’ हा असतो. येथेही तसेच झाले. त्याच दिवशी सकाळी मावशींनी ओव्हनचे काचेचे पॅनेल ओल्या फडक्याने पुसले होते, हे आक्कांनी पाहिले होते. मावशी या घरात अकरा वर्षे कामाला. आक्कांनी आवाज चढवला नाही. त्या इतकेच म्हणाल्या, “इलेक्ट्रॉनिक वस्तूला पाणी लावतात का कुठे? आता भोगा.” पण जे बोलले गेले ते भांडी घासणाऱ्या कानांपर्यंत गेले. मावशी त्या दिवशी काम संपवून न बोलता गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या ओव्हनच्या बाजूला फिरकल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी नातवाला ताप आल्याचा निरोप धाडून घरीच राहिल्या.

पॅनेलवर पाकाचे डाग पडले होते आणि ते ओल्या फडक्याने पुसायला सूनबाईंनीच सांगितले होते. आक्का बोलत होत्या तेव्हा सूनबाई तेथेच उभ्या होत्या. त्या वेळी त्या गप्प राहिल्या. का राहिल्या, हे मोठ्या घरात नांदलेल्या कोणाही स्त्रीला समजावून सांगण्याची गरज नाही. पण नंतरचे आठ दिवस ते गप्प राहणे त्यांना ओव्हनपेक्षा अधिक जाचले.

कंपनीच्या सेवाकेंद्राचा तरुण दुसऱ्या दिवशी आला. ओव्हन थंड होता. त्याने तो दहा मिनिटे चालवून पाहिला. अर्थातच काही बिघडले नाही. माहितीपुस्तिकेत त्या अंकापुढे ‘तापमान मोजणाऱ्या यंत्रणेत दोष’ असा मोघम अर्थ दिलेला होता. त्याने पॅनेलकडे बोट दाखवून निदान केले की कंट्रोल बोर्ड गेला आहे. नवा बोर्ड कर धरून साडेअकरा हजार रुपये, येण्यास आठ ते दहा दिवस. “पाणी गेलं होतं का?” असे त्याने सहज विचारले आणि आक्कांच्या संशयावर जणू शिक्का बसला. त्या तरुणाला दोष देण्यातही अर्थ नाही. त्याला दिवसात सहा-सात घरे फिरायची असतात, आणि अशा ओव्हनमधील कंट्रोल बोर्ड खरोखरच वरचेवर बिघडतात. रिलेच्या पायांशी झाळणीला बारीक तडे जातात, उष्णतेने कपॅसिटर फुगतात. त्याचा अंदाज अशक्य कोटीतला नव्हता. परंतु अंदाज आणि निदान यांत जे अंतर असते त्याचे पैसे ग्राहक देतो.

मुलगा यार्डातून दुपारी जेवायला आला तेव्हा म्हणाला, “अर्धी किंमत बोर्डालाच घालायची तर नवाच घेऊ.” शेजारच्यांनी सल्ला दिला की हा सगळा व्होल्टेजचा खेळ, स्टॅबिलायझर बसवा. आप्पा मात्र काहीच बोलले नाहीत. ते आपल्या खोलीत गेले आणि एक जुनी, अर्धी कोरी उरलेली रोजकीर्द घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले.

आप्पांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. पेढीवर जाणे थांबले होते, तरी वर्षाअखेरची तेरीज त्यांच्या नजरेखालून गेल्यावाचून पुरी होत नसे. जमाखर्चात फरक आला की नवखा मुनीम पहिल्या पानापासून सगळे आकडे पुन्हा तपासू लागतो. आप्पा तसे कधी करीत नसत. ते आधी फरकाचा आकडा पाहत. फरक ६३ आहे, त्याला ९ ने नि:शेष भाग जातो, म्हणजे बहुधा कोणीतरी ८१ च्या जागी १८ लिहिले आहेत. फरकाच्या निम्मी रक्कम कोठे नोंदलेली सापडली, तर जमेची नोंद खर्चाला पडली असण्याचा संभव. चूक स्वतःच आपला पत्ता सांगत असते. पण तो विचारण्याआधी ती नेमकी किती आणि केव्हा येते हे लिहून काढावे लागते. ओव्हनमधले त्यांना काही कळत नव्हते. फरक कसा शोधायचा, हे मात्र कळत होते.

चार दिवस त्यांनी तो ओव्हन रिकामा चालवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून नोंदी केल्या. १८० अंशांवर ठेवला तर २४ मिनिटांनी बंद पडतो. दुसऱ्यांदा २६, तिसऱ्यांदा २३. २२० अंशांवर १७ मिनिटांतच. १२० अंशांवर मात्र सव्वा तास चालूनही तक्रार नाही. नुसता दिवा आणि पंखा लावला तर कितीही वेळ चालतो. बंद पडल्यावर पाच मिनिटांत सुरू केला तर लगेच पुन्हा बंद. दार उघडून ४० मिनिटे थंड होऊ दिला तर पुन्हा पूर्ववत. सकाळी सहाला, दुपारी एकला, रात्री नऊला, वेळ कोणतीही असो, आकडे तेच.

या एका पानाने दोन संशयितांची सुटका केली. पुरवठ्याचा दोष असता तर पहाटेच्या आणि रात्रीच्या नोंदींत काही फरक दिसला असता. तो नव्हता, शेजाऱ्यांचा स्टॅबिलायझर बाद झाला. दुसरी सुटका अधिक महत्त्वाची होती. पॅनेलमध्ये ओल शिरली असती तर ओव्हन थंड असताना, सकाळी पहिल्यांदा लावताना त्रास झाला असता, आणि आतले तापत गेले तशी ओल सुकून त्रास कमी झाला असता. येथे सगळे उलट होते. थंड असताना निर्दोष, तापल्यावर सदोष. आणि चार दिवस रोज तापवूनही दोष तसूभर कमी झाला नव्हता. ओल तापल्यावर जाते. हा दोष तापल्यावर येत होता.

आप्पांनी हे जेवताना सांगितले. आक्कांनी ऐकून घेतले, पण त्यावर काही म्हटले नाही. सूनबाई पोळीचा घास हातात धरून काही क्षण थांबल्या आणि पुन्हा जेवू लागल्या.

ऑर्डरचे काम मधल्या काळात कसेबसे चालले होते. सूनबाईंनी युक्ती काढली. ओव्हन तापवायचा, एक ट्रे भाजायचा, बंद करून दार उघडे टाकायचे, तासाभराने पुन्हा तेच. १२ किलो म्हणजे त्यांच्या ट्रेच्या मापाने वीस ट्रे. घरातली सगळी जेवणे सूर्यास्तापूर्वी उरकायची, त्यामुळे ओव्हनसाठी उरलेला वेळ तुटपुंजा. दिवसाला तीन-चार ट्रेंपेक्षा अधिक होत नव्हते. याच दिवसांत त्यांच्या तोंडून एक गोष्ट सहज निघून गेली. गेला महिनाभर पहिल्या ट्रेच्या मानाने दुसऱ्या ट्रेचा रंग फिका येत होता. त्यांना वाटले होते, मैदा बदलला, नाहीतर आपला हात बिघडला. आत ठेवायचा छोटा चकतीचा थर्मामीटर त्यांच्याजवळ होता. पडदा १८० दाखवी तेव्हा तो पुष्कळदा १७० च्या आसपास राही. स्वस्तातला थर्मामीटर, असे म्हणून त्यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले होते. आप्पांनी तेही वहीत लिहिले.

सहाव्या दिवशी आप्पांनी त्यांच्या ओळखीच्या एका वृद्ध रेडिओ-टीव्ही दुरुस्तीकारांना बोलावले. गावभागातल्या एका बोळात त्यांचे दुकान. दुकानात आता रेडिओ कमी आणि इन्व्हर्टरचे बोर्ड अधिक. घरात त्यांना सगळे रेडिओकाका म्हणत. काका आले, ओव्हनकडे न पाहता वही मागितली, आणि ती दोनदा वाचली. मग म्हणाले, “आप्पासाहेब, निम्मं काम तुम्ही केलंय. दोष उष्णतेबरोबर येतो. आता एवढंच बघायचं, की तापतंय काय: वरचा बोर्ड की आतली काडी?”

या ‘आतल्या काडी’बद्दल थोडे सांगायला हवे. अशा ओव्हनमध्ये मागील भिंतीत पंखा असतो आणि त्याच्याभोवती सुमारे २००० वॉटचे वर्तुळाकार तापक. पंखा गरम हवा सगळीकडे खेळवतो, म्हणून साध्या ओव्हनच्या कृतीत १८० अंश लिहिले असतील तर येथे १६० पुरतात. आत एका कोपऱ्यात पेन्सिलीएवढी धातूची काडी डोकावत असते. हाच तापमानाचा सेन्सर. अनेक ओव्हनमध्ये तिच्या टोकाशी प्लॅटिनमचा सूक्ष्म रोध बसवलेला असतो. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो, आणि प्लॅटिनमच्या बाबतीत ही वाढ फार नियमित असते. विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये या गुणाचा उपयोग तापमापनासाठी सुचवला आणि ह्यू कॅलेंडर यांनी १८८७ मध्ये केंब्रिज येथे त्याला भरवशाचे रूप दिले. त्याच तत्त्वावरील सेन्सर आज नानकटाईवर लक्ष ठेवतो. शून्य अंशाला त्याचा रोध १००० ओहम, शंभर अंशांना सुमारे १३८५. म्हणजे दर अंशाला जेमतेम पावणेचार-चार ओहमांची भर.

बोर्ड हा रोध वाचतो, तो ठरवलेल्या तापमानाशी ताडून पाहतो आणि रिलेला चालू-बंद करतो. बँकेच्या काउंटरवर एकजण रक्कम मोजून सांगतो, दुसरा व्हाउचर पास करतो, तिसरा रोख देतो, तसाच हा कारभार. फरक आला की सगळ्यांची नजर व्हाउचर पास करणाऱ्याकडे वळते. त्याला मिळालेली बातमीच चुकीची असेल, ही शक्यता शेवटी आठवते.

बातमी तुटली तर काय, याचा विचार यंत्र करणाऱ्यांनी आधीच केलेला असतो. तार तुटली की रोध अनंत होतो. बोर्डाच्या लेखी ओव्हनचे तापमान कल्पनेपलीकडे गेले असे ठरते आणि तो तापक बंद करून एफ दाखवतो. तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्य होतो; तेव्हा ओव्हन गोठलेला आहे असे समजून बोर्डाने तापवीतच राहू नये, म्हणून तेथेही तो काम थांबवतो. ज्या अंकाला घरातले सगळे आठ दिवस बिघाड म्हणत होते, तो खरे पाहता बोर्ड जागा असल्याची खूण होता.

काकांनी प्लग काढला, थोडा वेळ थांबले, मग वरचे आवरण उघडले. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या अशा बोर्डावरील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब राहू शकतो. येथे एक गोष्ट वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. आपल्या घरांत बहुधा मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन एकत्र असलेला ओव्हन असतो. त्याच्या आतील मोठा कपॅसिटर दोन हजारांहून अधिक व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यावरही तो जीव घेऊ शकतो. त्याचे आवरण घरच्या माणसाने कधीही उघडू नये. या घरातला ओव्हन त्या जातीचा नव्हता. तरीही काकांनी सगळ्यांना दोन हात दूर उभे केले.

सेन्सरच्या तारांचा कनेक्टर बोर्डापासून सोडवून त्यांनी मल्टीमीटर लावला. आकडा आला ११०५. खोलीत तेव्हा २७ अंश होते, आणि २७ अंशांना एवढाच यायला हवा. “थंड असताना काडी खरं बोलते,” काका म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून १५०० ओहमचा साधा रोध काढला आणि तो सेन्सरच्या जागी बोर्डाला जोडला. १५०० ओहम म्हणजे बोर्डाच्या भाषेत १३० अंश. आवरण बंद करून प्लग लावला आणि ओव्हन १०० अंशांवर ठेवला. आत आधीच १३० आहेत अशी बोर्डाची समजूत, त्यामुळे तापक पेटण्याचा प्रश्नच नाही. ११०० चा रोध लावला असता तर ओव्हन थंडच आहे असे समजून बोर्डाने तापक चालूच ठेवला असता आणि भलताच प्रसंग ओढवला असता. हे काकांनी आप्पांना मुद्दाम समजावले, आणि आप्पांनी ते वहीत लाल शाईने लिहिले.

मग नातीचे केस वाळवायचे ड्रायर मागवून काकांनी आवरणाच्या झरोक्यातून बोर्डावर गरम हवा सोडली. पंधरा मिनिटे गेली. पत्र्याला हात लावून ठेवता येईना. स्वयंपाकघरातील सगळ्यांचे डोळे त्या पडद्यावर. एफ उमटला नाही. बोर्ड तापूनही शांत राहिला. साडेअकरा हजार रुपये तेथल्या तेथे वाचले. पण काकांच्या चेहऱ्यावर त्याचा आनंद दिसेना, कारण दोष अजून सापडला नव्हता. तो कोठे नाही एवढेच कळले होते.

सेन्सर पुन्हा जोडून ओव्हन १८० अंशांवर लावला. आत सूनबाईंचा चकतीचा थर्मामीटर ठेवला. या वेळी २५ मिनिटे लागली. एफ उमटताच काकांनी प्लग काढला, पुन्हा तेवढेच थांबून आवरण उघडले आणि कनेक्टर सोडवून मीटर लावला. मीटरवर काहीच नाही. रोध अनंत, तार तुटलेली. सगळे मीटरकडे पाहत उभे राहिले. दहा-बारा मिनिटांनी आकडे थरथरले, नाहीसे झाले, परत आले आणि स्थिरावले: १४६०. सूनबाईंनी दाराच्या काचेतून आत पाहिले. थर्मामीटरचा काटा १२० वर होता. काकांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि मान डोलावली. १२० अंशांना १४६० हाच आकडा. काडी निर्दोष होती. काडी आणि बोर्ड यांच्यामध्ये कोठेतरी तार तापली की सुटत होती आणि निवली की पुन्हा जुळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हन कपाटातून बाहेर ओढला गेला. मागचा पत्रा काढल्यावर ग्लासवूलच्या थराशेजारी सेन्सरच्या तारा पुढच्या तारांना जेथे मिळत होत्या, तेथील दोन थिंबलांपैकी एक काळपट झालेले दिसले. काकांनी मीटर लावून ते लाकडी काडीने हलवले; आकडे नाचू लागले. सहा वर्षे तापणे आणि निवणे, प्रसरण आणि आकुंचन, एवढ्यानेच तो जोड सैल झाला होता. त्याला ना कोणाचा हात लागला होता, ना पाणी. महिनाभराच्या फिक्या नानकटाईचा उलगडाही तेथेच झाला. सैल जोडाने ३०-४० ओहमांची भर घातली की बोर्डाला ओव्हन आठ-दहा अंशांनी अधिक तापल्यासारखा वाटे आणि तो तापक लवकर बंद करी. स्वस्तातला थर्मामीटर महिनाभर खरे सांगत होता, आणि सूनबाई आपल्या हाताला दोष देत होत्या.

नवखा माणूस तेथे झाळण लावून मोकळा झाला असता. काकांनी तसे केले नाही. नेहमीची शिसे-कथिलाची झाळण १८३ अंशांना वितळते. ओव्हनच्या मागच्या भिंतीलगत तिचा भरवसा धरता येत नाही. त्यांनी तारांची जळकी टोके कापली, नवी थिंबले पकडीने दाबून बसवली आणि ती चिनी मातीच्या छोट्या जोडात स्क्रूने घट्ट आवळली. सामानाचे शंभर-सव्वाशे रुपये झाले. मजुरीचा आकडा त्यांनी इतका कमी सांगितला की आप्पांना उलटी घासाघीस करावी लागली. यार्डात उभा जन्म गेलेल्या माणसाने भाव वाढवून मागावा, हा प्रसंग घरात पुढे पुष्कळ दिवस गाजला. अखेर काकांनी पैसे सांगितले तेवढेच घेतले आणि वर नानकटाईचा एक डबा मात्र निमूटपणे स्वीकारला.

दुपारी ओव्हन १८० अंशांवर दोन तास चालला. आप्पांनी घड्याळासमोर बसून दर दहा मिनिटांनी नोंद केली. शेवटच्या ओळीखाली त्यांनी तेरीज जुळल्यावर मारीत तशा दोन रेघा मारल्या. मग वही आक्कांपुढे ठेवून म्हणाले, “पाण्याचा काही संबंध नव्हता.”

आक्का म्हणाल्या, “ते तुम्ही त्या दिवशीच म्हणालात.”

“म्हणालो. पण कोणी ऐकलं?”

आक्कांनी वही मिटली. तेव्हा सूनबाई पुढे झाल्या. “आई, फडकं ओलं करून पुसायला मीच सांगितलं होतं. त्या दिवशीच बोलायला हवं होतं. नाही बोलले.” स्वयंपाकघरात काही वेळ कोणी बोलले नाही. नव्या जोडावर चालणाऱ्या ओव्हनमध्ये रिले टक् करून बंद झाला, पुन्हा टक् करून सुरू झाला. आक्का सूनबाईंना काही बोलल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. जरा वेळाने त्यांनी चपला घातल्या. मावशींचे घर चार गल्ल्या पलीकडे होते. त्या घरी आक्का अकरा वर्षांत दोनदाच गेल्या होत्या, एकदा बारशाला आणि एकदा दुखवट्याला. निघताना त्यांनी ओट्यावरून एक डबा उचलला आणि नातीला बरोबर घेतले.

तेथे काय बोलणे झाले ते नातीला नीट सांगता आले नाही. आजी दारातच बसली, मावशींनी चहा ठेवला, आणि मावशींच्या नातवाला खरोखरच ताप होता, एवढेच तिने सांगितले. परतल्यावर आक्कांनी घरातल्या डॉक्टरांना फोन लावायला मुलाला सांगितले.

उरलेले नऊ ट्रे दोन दिवसांत झाले. दुसऱ्या ट्रेचा रंग पहिल्यासारखाच आला आणि १२ किलोंचे डबे साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी पोचते झाले. सोमवारी मावशी कामावर आल्या. भांडी झाली, ओटा झाला. पॅनेलवर पुन्हा पाकाचे दोन थेंब वाळले होते. मावशी हातात फडके घेऊन ओव्हनपुढे थांबल्या आणि वळून आक्कांकडे पाहत म्हणाल्या, “बाई, कोरडं घेऊ का ओलं?”

“पिळून घ्या,” आक्का म्हणाल्या, “आणि आधी प्लग काढा.”